प्रवेश परीक्षेच्या वर्षात सावरण्याची तयारी: विद्यार्थी आणि पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या किंवा वैद्यकीय, अभियांत्रिकी प्रवेशासाठी दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यावर येणारी संकटे सहसा एकेकटी येत नाहीत. ज्या महिन्यात सराव चाचणीतले गुण घसरतात, त्याच महिन्यात सोयाबीनचा भाव पडतो, क्लासच्या फीचा दुसरा हप्ता थकतो, आजीला दवाखान्यात दाखल करावे लागते. अशा वेळी भोवतालची माणसे ‘खचू नकोस, जिद्द ठेव’ असे मनापासून सांगतात. पण उद्या सकाळी उठून नेमके काय करायचे, कोणत्या कार्यालयात कोणता कागद घेऊन जायचे आणि कोणाशी काय बोलायचे, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. हा लेख त्या कामांविषयी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. संकटातून सावरण्याची ताकद ही काही मोजक्या मुलांना जन्मतः लाभलेली देणगी आहे, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे आणि तो घातक आहे, कारण त्यामुळे कोलमडलेल्या मुलावर ‘कच्च्या मनाचा’ असा शिक्का बसतो. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधकांनी अनेक दशके पाठपुरावा केला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक अडचणी ज्यांच्या वाट्याला एकत्र आल्या होत्या, त्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुले पुढे सक्षम आणि जबाबदार प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार आढळलेली बाब म्हणजे भरवशाचे किमान एक मोठे माणूस, मग ते आईवडील असोत, आजोबा असोत की शेजारी किंवा शिक्षक. उरलेल्यांपैकीही पुष्कळजण पुढे, तिशी-चाळिशीपर्यंत सावरले, आणि त्यात पुन्हा शिक्षणाकडे वळण्याची मिळालेली संधी हे एक मोठे कारण होते. म्हणजेच सावरणे हे बव्हंशी भोवतालच्या व्यवस्थेवर अवलंबून असते, आणि व्यवस्था आधीपासून उभी करता येते. पुढील पायऱ्या त्याच व्यवस्थेच्या आहेत.

पायरी १: अडचणीला तिच्या खऱ्या नावाने कागदावर उतरवणे

‘अभ्यास होत नाही’ या एका वाक्याखाली अनेक वेगवेगळ्या अडचणी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. म्हणून एक कोरे पान घ्या आणि सध्या छळणारी प्रत्येक गोष्ट एकेका वाक्यात लिहा, पण वाक्य असे असावे की ते वाचून परक्या माणसालाही परिस्थिती कळेल. ‘भौतिकशास्त्र अवघड जाते’ असे न लिहिता ‘दहावीपर्यंत मराठी माध्यम होते, इंग्रजीतला प्रश्न दोनदा वाचावा लागतो आणि वेळ पुरत नाही’ असे लिहा. ‘घरी वातावरण नाही’ असे न लिहिता ‘दोन खोल्यांत सहाजण राहतो आणि रात्री दहापर्यंत टीव्ही चालू असतो’ असे लिहा.

पान भरल्यावर प्रत्येक वाक्यापुढे ही अडचण पैशाची आहे, विषयज्ञानाची आहे, शरीर-मनाची आहे की घरच्या परिस्थितीची, हे नोंदवा. हा खटाटोप पोरकट वाटेल, परंतु पैशाची अडचण अभ्यासाचे तास वाढवून सुटत नाही आणि झोपेअभावी आलेला विसराळूपणा नवी पुस्तके विकत घेऊन जात नाही. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक अडचणीवर ‘आणखी दोन तास बस’ हाच एक उपाय सुचवला जातो, आणि तो लागू पडला नाही की दोष मुलाच्या माथी मारला जातो. शेवटी, यांपैकी कोणत्या अडचणी या महिन्यात तुमच्या हातात आहेत आणि कोणत्यांसाठी दुसऱ्या माणसाची मदत लागणार आहे, हे ठरवा. मदत लागणाऱ्या अडचणींपुढे त्या माणसाचे नाव लिहिल्याशिवाय पान मिटू नका.

पायरी २: निकालानंतरचे पहिले आठ-दहा दिवस

निकाल अपेक्षेपेक्षा फार खाली लागला असेल, तर पहिल्या काही दिवसांत मोठा निर्णय घेऊ नये. शाखा बदलणे, शहर बदलणे, पुन्हा वर्षभर तयारी करणे किंवा शिक्षण सोडणे यांपैकी काहीही त्या दिवसांत ठरवू नये. झोप, दोन वेळचे जेवण आणि रोज घराबाहेर थोडे चालणे एवढ्या तीनच गोष्टी सांभाळाव्यात. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी आहे’ हे वाक्य या काळात कोणीही उच्चारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते खरे असले तरी त्या घटकेला ऐकणाऱ्याला त्यातून ‘तुझे दुःख आम्हाला ऐकायचे नाही’ एवढाच अर्थ पोहोचतो.

मात्र याच दिवसांत काही मुदती उलटून जात असतात. राज्य मंडळाच्या बारावीच्या निकालानंतर गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठीचे अर्ज ठरावीक मुदतीतच करावे लागतात, आणि पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घेतलेली असणे आवश्यक असते. एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास जून-जुलैच्या सुमारास होणाऱ्या पुरवणी परीक्षेचा अर्ज भरावा लागतो. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणीही याच सुमारास सुरू होते. खचलेल्या मनाने मुदती सांभाळणे कठीण जाते, म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी, उदाहरणार्थ मोठ्या बहिणीकडे किंवा मामाकडे, निकालाच्या आधीच सोपवून ठेवावे. त्या व्यक्तीने संकेतस्थळावरील सूचना रोज पाहायच्या, तारखा लिहून ठेवायच्या, आणि विद्यार्थ्याला फक्त सही किंवा फोटो लागेल तेव्हाच हाक मारायची.

पालकांसाठी या काळातले सर्वात मोलाचे काम म्हणजे नातेवाइकांच्या फोनला स्वतः उत्तर देणे. ‘गुण अपेक्षेपेक्षा कमी आले आहेत, पुढचे आम्ही ठरवतो आहोत, ठरले की कळवू’ एवढे सांगून विषय थांबवावा, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या हातात फोन देऊ नये. आत्याच्या मुलाला किती पडले, हा विषय तर घरात निघताच कामा नये.

पायरी ३: गुणांचा अर्थ लावणे

ही पायरी सर्वात महत्त्वाची आहे आणि बहुतेक विद्यार्थी ती गाळून थेट नव्या वेळापत्रकाकडे वळतात. एकूण गुण पाहून आपण हुशार की ढ हे ठरवणे सोपे असते, पण त्यातून पुढच्या परीक्षेसाठी काहीच हाती लागत नाही. हाती लागते ते प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाकडे वेगळे पाहिल्यावर.

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ या परीक्षेचे उदाहरण घेऊ. २०२५ पासून या परीक्षेत पुन्हा १८० प्रश्न आणि १८० मिनिटे अशी रचना आहे: भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरामागे १ गुण कापला जातो. समजा एखाद्या विद्यार्थिनीची १२० उत्तरे बरोबर आली, ४० चुकली आणि २० प्रश्न तिने सोडून दिले. तिला ४८० वजा ४०, म्हणजे ४४० गुण मिळाले. आता हे ४४० म्हणजे ‘जीवशास्त्र चांगले, भौतिकशास्त्र वाईट’ एवढाच अर्थ लावून ती पुढे गेली, तर वर्ष वाया जाण्याचा धोका आहे. तिने त्या ४० प्रश्नांची चार ढिगांत विभागणी करावी. पहिल्या ढिगात मूळ संकल्पनाच न समजलेले प्रश्न, दुसऱ्यात समजलेले परंतु ऐन वेळी न आठवलेले, तिसऱ्यात आकडेमोड किंवा प्रश्न वाचण्यातली गफलत झालेले, आणि चौथ्यात निव्वळ अंदाजाने गोल रंगवलेले.

चौथ्या ढिगात २० प्रश्न निघाले, तर ते कोरे ठेवल्याने गुण ४६० झाले असते, म्हणजे एकही नवे पान न वाचता २० गुणांचा फरक पडला असता. दुसऱ्या ढिगावरचा उपाय पुन्हा वाचणे हा नसून पुस्तक मिटून आठवून लिहिणे हा आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांना स्पष्टपणे अधिक आठवले. वाचताना ‘हे मला येते’ असे वाटत राहते आणि तेच फसवे असते. तिसऱ्या ढिगासाठी घड्याळ लावून कमी प्रश्नांचा पण रोजचा सराव लागतो, आणि ‘सिली मिस्टेक’ हा शब्द वापरणे बंद करावे लागते. त्या नावाखाली झाकलेल्या चुका दर चाचणीत परत येतात आणि त्यांच्यावर कोणी कामच करत नाही. पहिल्या ढिगासाठी शिक्षक हवा. त्या संकल्पना स्वतःच्या बळावर सुटत असत्या तर आतापर्यंत सुटल्या असत्या.

येथे परीक्षेनुसार सवय बदलावी लागते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र अशा प्रवेशांसाठीच्या राज्याच्या ‘एमएचटी-सीईटी’ परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. शिवाय त्या परीक्षेत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के भार असतो, हे लक्षात घेऊन वेळेची वाटणी करावी. ‘नीट’ची सवय घेऊन सीईटीला बसणारी आणि शंका आली की प्रश्न सोडून देणारी मुले हकनाक गुण घालवतात.

याच पायरीत मंडळाच्या परीक्षेचाही हिशेब मांडा. वैद्यकीय प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी ही अट अनुक्रमे ४५ आणि ४० टक्के आहे. प्रवेश परीक्षेच्या नादात महाविद्यालयाकडे पाठ फिरवलेला विद्यार्थी या अटीपाशी अडला, तर तो धक्का सर्वात जिव्हारी लागणारा असतो, आणि तो पूर्णपणे टाळता येण्यासारखा आहे.

पायरी ४: पुन्हा वर्ष द्यायचे का, हे ठरवणे

‘ड्रॉप’ घेण्याचा निर्णय अभिमानाने किंवा लाजेने होऊ नये. तो तिसऱ्या पायरीतील चार ढिगांवरून व्हावा. गेल्या वर्षी जे केले त्यात नेमका कोणता बदल करणार आहोत, हे चार वाक्यांत लिहिता येत असेल, तर पुन्हा वर्ष देण्याला अर्थ आहे. ‘या वेळी जास्त मेहनत करीन’ याखेरीज काही सुचत नसेल, तर तेच वर्ष पुन्हा जगण्याची शक्यता मोठी आहे.

अभियांत्रिकी प्रवेशाची देशपातळीवरील परीक्षा ‘जेईई मेन’ सलग तीन वर्षे देता येते आणि दरवर्षीच्या दोन सत्रांपैकी चांगले गुण धरले जातात. आयआयटी प्रवेशासाठीची ‘जेईई ॲडव्हान्स्ड’ सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. ‘नीट’ला मात्र प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि वरवर सोयीची वाटणारी ही गोष्ट पुष्कळ घरांत तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत ताणत जाते. नियम थांबवत नसेल तर घराने स्वतः सीमा आखावी लागते, आणि ती निकालाच्या दिवशी न आखता परीक्षेच्या बऱ्याच आधी, शांत डोक्याने, आईवडील आणि मूल यांनी एकत्र बसून आखावी. ‘या प्रयत्नात अमुक गुणांच्या वर गेलो तर अमुक, खाली राहिलो तर तमुक महाविद्यालयात प्रवेश’ हे वहीत लिहून तिघांनी त्याखाली तारीख घालावी.

या ‘तमुक’कडे दुय्यम पर्याय म्हणून पाहू नये. सीईटीच्या गुणांवर औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीचे प्रवेश होतात. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत शिकलेल्या कितीतरी जणांनी पुढे संशोधन, बँकिंग आणि प्रशासकीय सेवांत काम केले आहे. तंत्रनिकेतनातील पदविका पूर्ण केल्यावर अभियांत्रिकीच्या थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो. शिकणे थांबलेले नाही ही जाणीव मनाला किती उभारी देते, याची कल्पना वर्षभर रिकाम्या खोलीत एकटे बसून तयारी केलेल्यालाच येईल.

पायरी ५: कागद आणि पैसा

सावरण्याविषयीच्या लेखनात हा विषय सहसा येत नाही, आणि माझ्या मते हीच त्यातील सर्वात मोठी उणीव आहे. महाराष्ट्रातील ग्रामीण विद्यार्थ्याला पुरेसे गुण मिळूनही जागा हुकते, तेव्हा त्यामागे बहुधा एखादा न मिळालेला दाखला असतो, आणि तो धक्का कमी गुणांपेक्षा अधिक कडवट असतो.

अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असल्यास उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे म्हणजे नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र ही कामे अकरावीतच ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून सुरू करावीत. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे जून-जुलैमध्ये प्रवेश घेताना जुने प्रमाणपत्र चालणार नाही, हे आधीच तपासावे. जात वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो. त्यासाठी पूर्वजांच्या शाळेतील किंवा महसुली नोंदी लागतात, आणि त्या ठरावीक तारखेच्या आधीच्या असाव्या लागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांच्या प्राथमिक शाळेतील प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा मिळवायला गावी दोन-तीन खेपा होऊ शकतात, म्हणून हे काम दिवाळीच्या सुटीत उरकावे. काका किंवा चुलत भाऊ अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत जोडावी. त्याने काम बरेच सोपे होते. आधार, दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि बँक खाते यांवरील नावाची अक्षरे सारखी आहेत ना, हेही याच वेळी पाहावे.

फीच्या बाबतीत, शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला हा लाभ मिळत नाही. हे ठाऊक नसल्याने मुलीला ‘आपल्याला परवडणार नाही’ असे सांगून अर्जच न भरणारी घरे आजही आहेत. राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागासवर्गातील विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ ही वाट रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांत आणि पुणे विद्यापीठात आजही खुली आहे.

खासगी क्लासची फी भरताना एकरकमी भरू नये आणि पावती घ्यावी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, पूर्ण फी भरून विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, आठवड्याची सुटी द्यावी आणि त्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असे नमूद आहे. क्लास निवडताना या मुद्द्यांवर थेट विचारणा करावी आणि मिळालेले उत्तर लेखी मागावे.

पायरी ६: वाईट दिवसाची योजना

चांगल्या दिवसाचे वेळापत्रक सगळ्यांकडे असते. ताप आलेला, घरात भांडण झालेले, चाचणीत शंभर गुण घसरलेले अशा दिवशी काय करायचे, हे मात्र कोणी ठरवून ठेवत नाही, आणि मग एक वाईट दिवस पाहता पाहता आठवडा खाऊन टाकतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर वाईट दिवसाचे किमान काम लिहून ठेवा: आंघोळ, वेळेवर जेवण, अर्धा तास चालणे, आधीच झालेल्या धड्यावरचे वीस प्रश्न आणि रात्री ठरलेल्या वेळी झोप. एवढे झाले की तो दिवस पार पडला असे समजावे, आणि राहिलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट करण्याचा हट्ट धरू नये.

निर्णय आधीच बांधून ठेवण्याची एक सोपी पद्धत मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या अभ्यासातून पुढे आली आहे. केवळ ‘नियमित अभ्यास करीन’ असे ठरवण्याऐवजी ‘जर अमुक घडले, तर मी तमुक करीन’ अशा वाक्यात ठरवले की ते पार पडण्याची शक्यता वाढते. ‘जर वीज गेली, तर मी अभ्यासिकेत न जाता तोंडी उजळणी करीन’, ‘जर चाचणीचा निकाल वाईट आला, तर त्याच दिवशी मी फक्त चुकांचे ढीग करीन आणि पुढची योजना दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवीन’ अशी चार-पाच वाक्ये स्वतःच्या परिस्थितीनुसार लिहावीत. झोप कमी करून तास वाढवू नयेत. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेतच होत असते, आणि पहाटे तीनला उठवून दिलेला चहा ही मुलाला केलेली मदत ठरत नाही.

पायरी ७: आपले माणूस निवडणे

कवाई बेटावरील मुलांच्या बाबतीत दिसलेले ते एक भरवशाचे मोठे माणूस योगायोगाने मिळेल म्हणून वाट पाहू नये. ते निवडावे आणि त्याला तसे सांगावे. ही व्यक्ती आईवडीलच असावी असे नाही, किंबहुना गुणांचा सर्वाधिक ताण ज्यांच्यामुळे येतो त्यांच्यापेक्षा जरा लांबची व्यक्ती या कामाला बरी पडते. मावशी, दादाचा मित्र, शाळेतले जुने सर, अभ्यासिका चालवणारे काका, यांपैकी कोणीही चालेल. दोन कसोट्या पुरेशा आहेत: गुण ऐकल्यावर ती व्यक्ती लगेच उपदेश सुरू करत नाही, आणि सांगितलेली गोष्ट चारचौघांत बोलून दाखवत नाही.

विचारायला संकोच वाटतो, म्हणून शब्दही आधी ठरवून घ्यावेत. ‘सर, यंदा मी पुन्हा नीटची तयारी करतोय. दर रविवारी संध्याकाळी दहा मिनिटे तुम्हाला फोन केला तर चालेल का? मला मार्ग सांगायलाच हवा असे नाही, आठवडा कसा गेला ते फक्त ऐका.’ एवढ्या साध्या विनंतीला शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. फोनचा वार आणि वेळ ठरलेली असणे महत्त्वाचे आहे, कारण ‘गरज पडली तर फोन कर’ असे सांगितलेला मुलगा नेमका गरजेच्या वेळी फोन करत नाही.

लातूर, कोटा, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन, राहणाऱ्यांनी खोलीतल्या एका तरी सोबत्याला घरचा दूरध्वनी क्रमांक देऊन ठेवावा आणि दिवसातले एक जेवण कोणाबरोबर तरी घ्यावे. मेसमधून डबा खोलीवर मागवून एकट्याने जेवायची सवय लागली की दिवसभरात एक शब्दही न बोलता दिवस जाऊ लागतात. पालकांनी फोनवर पहिला प्रश्न गुणांचा विचारू नये. जेवलास का, झोप लागते का, सोबत कोण आहे, हे विचारावे, आणि गुणांविषयी बोलण्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून घ्यावा.

पायरी ८: धोक्याची चिन्हे ओळखणे आणि मदत मागणे

सतत दोन आठवडे झोप न लागणे किंवा उठावेसेच न वाटणे, जेवणावरची वासना उडणे, आवडत्या गोष्टींतही मन न रमणे, मित्रांना टाळणे, आपल्या वस्तू इतरांना देऊन टाकणे, ‘मी सगळ्यांना ओझे झालोय’ किंवा ‘मी नसेन तर बरे होईल’ असे बोलणे ही चिन्हे दिसली, तर तो आळस किंवा नाटक आहे असे मानू नये. जवळच्या माणसाने शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे: ‘जीव द्यावा असे विचार मनात येतात का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे; उलट, कोणीतरी विचारले याने बोलण्याची वाट मोकळी होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, वाद घालू नये, शपथा घालू नयेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तातडीचा धोका असेल तर ११२ ला फोन करावा. औषधे सुरू झाल्यास ती डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत, आणि उपचार चालू असताना परीक्षा पुढच्या वर्षावर ढकलावी लागली तर तसे करावे. वैद्यकीय शिक्षणासाठी कमाल वयाची अट नाही.

पायरी ९: प्रवेश मिळाल्यानंतरचे पहिले सत्र

ही व्यवस्था प्रवेशाच्या दिवशी मोडून टाकू नये. जिल्ह्यात पहिला आलेला विद्यार्थी अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयच्या पहिल्या वर्षात इतर तितक्याच हुशार मुलांत येऊन बसतो, व्याख्याने इंग्रजीत असतात, आणि पहिल्याच अंतर्गत परीक्षेत एखाद्या विषयात नापास होतो. त्याला हा अनुभव आयुष्यात प्रथमच येत असतो. म्हणून रविवारचा फोन पहिल्या सत्रभर चालू ठेवावा, चुकांचे ढीग करण्याची सवय पहिल्या चाचणीपासून लावावी, आणि महाविद्यालयाने नेमून दिलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना पहिल्या पंधरवड्यात जाऊन भेटावे. ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज याच काळात भरावा लागतो आणि पुढे दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते, तेव्हा आधारशी जोडलेले बँक खाते चालू आहे याची खात्री करून घ्यावी. वसतिगृहात कोणी छळत असेल तर महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा आहे हे ध्यानात ठेवून वॉर्डनकडे लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि दाद लागत नसेल तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय रॅगिंगविरोधी क्रमांकावर फोन करावा. तेथे नाव गुप्त ठेवूनही तक्रार नोंदवता येते.